आईचा मानसिक आजार: कोणतं काम कधी करायचं

आई बिघडली की सगळं घर जागं होतं. फोनाफोनी, समजावणं, रडारड, मग डॉक्टर, मग गोळ्या. काही आठवड्यांनी ती सावरते, सगळे हुश्श म्हणतात आणि विषय बंद होतो तो पुढच्या खेपेपर्यंत. माझ्या घरात हे चक्र मी नऊ वर्षांची असल्यापासून पंचविशीपर्यंत फिरत राहिलं. माया भरपूर होती, क्रम चुकत होता. तिची समजूत काढणं, डॉक्टर शोधणं, कोणाला हाक मारायची ते ठरवणं ही सगळी कामं आम्ही सगळ्यात वाईट दिवशी करायला बसायचो. त्या दिवशी ती होत नाहीत. ती आई बरी असताना करून ठेवायची असतात.

अशा आईजवळ वाढलेल्या आणि आता तिचं बघणाऱ्या मुलामुलींसाठी हा क्रम लिहिला आहे. स्किझोफ्रेनिया (भास होणं, खोटे संशय येणं) असो, बायपोलर (मन कधी बेसुमार उसळणं, कधी खचणं) असो किंवा पुन्हापुन्हा येणारं तीव्र नैराश्य असो, टप्पे साधारण हेच राहतात. फक्त, आत्ता या घडीला आई जीव देण्याची भाषा करत असेल तर बाकी सगळं सोडा आणि टप्पा ७ आधी वाचा.

टप्पा १: तुमची जुनी नेमणूक ओळखा

अशा घरात प्रत्येक मुलाची न सांगता नेमणूक झालेली असते. एक जण आईला शांत करतो, एक मध्यस्थी करतो, एक घराबाहेरच राहतो. माझं काम पहारा देण्याचं होतं. शाळेतून आल्यावर दाराची कडी कशी निघते, यावरून मला संध्याकाळ कशी जाणार ते कळायचं. ही नजर पुढे उपयोगी पडते, पण तिचा त्रासही आहे. आईचा साधा राग, साधा कंटाळासुद्धा तुम्हाला आजाराची सुरुवात वाटू लागतो. तिलाही चिडायचा हक्क आहे, हे आपण विसरतो.

म्हणून पहिलं काम कागदावर करा. आईसाठी तुम्ही आठवड्यात काय काय करता ते सगळं लिहा. मग बऱ्या दिवसांत ती स्वतः करू शकते अशा कामांवर खूण करा. ती कामं तिला परत द्या, जरा वेडीवाकडी झाली तरी. उरलेली भावंडांत, वडिलांत, मावशी-मामांत वाटा. लांब राहणाऱ्या भावाला ‘तूही लक्ष दे’ म्हणून काही होत नाही. ‘डॉक्टरांच्या तारखा आणि बिलं तुझ्याकडे’ असं म्हणा.

*सावधान:* गोळ्यांवर नजर ठेवणं किंवा रात्री जागणं हे काम घरातल्या लहान मुलाकडे देऊ नका. ‘तो समजूतदार आहे’ हे त्याचं कारण होऊ शकत नाही. आपणही समजूतदारच होतो.

टप्पा २: वही

एकच वही ठेवा. फोनमध्ये ठेवलीत तरी चालेल, पण दोघांना तरी उघडता आली पाहिजे. वहीचे तीन भाग करा.

पहिल्या भागात माहिती: निदान, चालू गोळ्यांची नावं आणि डोस, पूर्वी दिलेल्या आणि बंद केलेल्या गोळ्या व बंद करण्याचं कारण, ॲलर्जी, मधुमेह-थायरॉईडसारखे इतर आजार, हॉस्पिटलात राहिल्याच्या तारखा.

दुसऱ्या भागात आजाराचा इतिहास, आठवेल तेवढा मागे जाऊन. इथे जवळपास प्रत्येक घर एक चूक करतं. आई खचलेली, झोपून असलेली, रडणारी असते ते दिवस सगळ्यांना आठवतात. पण ती तीन-चार तासच झोपून ताजीतवानी असायची, भराभर बोलायची, बेसुमार खर्च करायची, नवनवे बेत आखायची, ते दिवस आपण ‘तेव्हा बरी होती’ म्हणून सोडून देतो. डॉक्टरांना मग फक्त नैराश्य दिसतं. बायपोलर आजारात नुसतं नैराश्यावरचं औषध दिलं तर काही जणांत उन्मादाची, म्हणजे मन बेसुमार उसळण्याची, अवस्था सुरू होऊ शकते. त्यामुळे ‘जास्तच बरी’ असलेले दिवस नीट लिहा. ते किती दिवस टिकले तेही लिहा, कारण निदान करताना सलग चार दिवस आणि सलग आठवडा यांत फरक केला जातो. तुमच्या लहानपणीच्या आठवणी इथे पुरावा म्हणून कामाला येतात.

तिसरा भाग रोजची एक ओळ: झोप किती तास, गोळ्या घेतल्या का, बाहेर पडली का, वेगळं काही. विशेषणं टाळा. ‘विचित्र वागली’ यातून डॉक्टरांना काहीच कळत नाही. ‘तीन रात्री २ ते ५ कपाटं आवरत होती’ यातून सगळं कळतं.

दोन महिने ओळी लिहिल्या की आईच्या पूर्वखुणा दिसायला लागतात. आजार उलटताना बहुतेकांच्या बाबतीत त्याच त्या खुणा त्याच क्रमाने येतात. झोप बिघडणं हे पुष्कळदा पहिलं. माझी आई त्यानंतर फोनवर टॉवेल गुंडाळून ठेवायला लागायची. ते दिसलं की आमच्या हाती साधारण आठवडा असायचा. तुमच्या घरच्या तीन-चार खुणा शोधा आणि आई बरी असताना तिलाच विचारा, ‘सुरू होतं तेव्हा तुला आतून काय जाणवतं?’ तिला माहीत असतं. तिला कोणी विचारलेलं नसतं, एवढंच.

*तपासणी:* वही घरातल्या अशा माणसाला द्या ज्याला काहीच माहीत नाही. पाच मिनिटांत त्याला चालू गोळ्या, डॉक्टरांचा नंबर आणि पूर्वखुणा सापडल्या तर वही तयार आहे.

टप्पा ३: बोलायचं कसं

‘आई, तू आजारी आहेस, हे मान्य कर.’ बहुतेक घरं इथून सुरुवात करतात आणि इथेच अडकतात. स्किझोफ्रेनियात आणि उन्मादाच्या अवस्थेत आपल्याला आजार आहे ही जाणीवच पुष्कळदा हरवते. तो हट्ट नसतो, आजाराचंच लक्षण असतं. पुरावे देऊन ते जात नाही. उलट वाद जिंकलात तर माणूस गमावता.

सुरुवात तिच्या तक्रारीपासून करा. तिला झोप येत नसेल, भीती वाटत असेल, थकवा असेल, त्याबद्दल बोला. ‘आई, चार दिवस तू झोपली नाहीस. झोप लागावी म्हणून कोणाला तरी भेटू या का?’ या वाक्यात आजार हा शब्द नाही, आणि खोटंही काही नाही.

भास आणि संशय यांच्याशी भांडू नका, त्यांना दुजोराही देऊ नका. शेजारचे आपलं बोलणं ऐकतात असं ती म्हणाली, तर ‘काहीतरीच काय’ म्हणू नका आणि ‘हो, मलाही वाटतं’ असंही म्हणू नका. ‘मला तसं काही ऐकू येत नाही. पण तू घाबरली आहेस, ते दिसतंय. मी इथे बसते’ एवढं पुरतं. वाक्यं छोटी ठेवा. एका वेळी एकच गोष्ट सांगा. अनेक जणांनी तिला घेरून एकदम बोलू नका.

घरातल्या वातावरणाचा आजार उलटण्याशी संबंध असतो, आणि तो तपासलेला आहे. सतत टीका, तिरस्कार आणि जीव गुदमरेल इतकी काळजी या तीन गोष्टी ज्या घरात जास्त, तिथे स्किझोफ्रेनिया परत उलटण्याचं प्रमाण जास्त आढळलं. १९७६ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अशा घरातल्या माणसांशी आठवड्याला ३५ तासांहून अधिक समोरासमोर सहवास असलेल्या रुग्णांना धोका अधिक दिसला. यावरून घरच्यांमुळे आजार झाला असा अर्थ काढू नका. पण तिसरी गोष्ट नीट बघा: काळजी. दर तासाला ‘बरी आहेस ना?’ विचारणं, तिच्या वतीने उत्तरं देणं, तिला एकटीला कुठे न सोडणं. मी यात पुरती अडकले होते. आठवड्यातले काही तास दोघींनी वेगवेगळे घालवायचे असं ठरवलं, तेव्हा आमची भांडणं आधी कमी झाली.

टप्पा ४: डॉक्टरांकडे जाताना

वही पूर्ण नेऊ नका, तिचा एका पानाचा सार न्या. भेटीचा वेळ थोडा असतो. वर चालू गोळ्या, मध्ये गेल्या महिन्यातले बदल, खाली तुमचे तीन प्रश्न. त्यात एक प्रश्न हमखास घाला: ‘ही गोळी काम करते आहे हे आम्ही कशावरून ओळखायचं आणि किती दिवसांनी?’

आईला फसवून नेऊ नका. ‘डोळे तपासायला जाऊ’ म्हणून मानसोपचारतज्ज्ञांच्या दारात उभं केलं, तर ती एक भेट होते, पुढच्या दहा होत नाहीत. आणि ज्या माणसाला आपल्याविरुद्ध कट चालला आहे असं वाटतं, त्याला आपण खरोखरचा कट दाखवलेला असतो.

डॉक्टर कधीकधी गोपनीयतेमुळे तुम्हाला काही सांगणार नाहीत. पण तुम्ही त्यांना सांगायला अडचण नसते. लेखी टिपण द्या. आईला त्याची कल्पना असेल तर उत्तम.

*सावधान:* आई वयस्क असेल आणि काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक गोंधळली, दिवस-रात्र कळेनाशी झाली, क्षणात भानावर क्षणात नाही असं झालं, तर ‘जुनाच आजार’ म्हणून घरी बसू नका. जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम घसरणं, औषधाचा दुष्परिणाम अशी शारीरिक कारणं यामागे असू शकतात. त्याच दिवशी तपासून घ्या. मानसिक आजाराचा शिक्का बसलेल्या माणसाच्या शरीराकडे डॉक्टरांचंही दुर्लक्ष होतं, म्हणून हे तुम्हाला ठासून सांगावं लागेल.

टप्पा ५: गोळ्या

गोंधळ सगळ्यात जास्त इथे होतो, म्हणून जरा थांबून वाचा.

*सुरू करताना.* नैराश्यावरची औषधं लागू पडायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. दुष्परिणाम मात्र पहिल्या आठवड्यात दिसतात. म्हणजे सुरुवातीला आईला फक्त तोटाच जाणवतो. हे तिला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पाचव्या दिवशी गोळ्या बंद होतात.

*बंद करताना.* बरं वाटलं म्हणून स्वतःहून बंद करू नका. नैराश्यात बरं वाटल्यावरही निदान सहा महिने औषध चालू ठेवायला सांगतात, पुन्हापुन्हा येत असेल तर त्याहून पुष्कळ जास्त. लिथियम हे बायपोलरवरचं औषध एकदम थांबवलं तर उन्माद उसळू शकतो. नैराश्यावरच्या गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या अचानक सोडल्या की वेगळाच त्रास सुरू होतो. कमी करायच्या तर डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे, हळूहळू.

*लिथियम असेल तर.* उपयोग आणि विषबाधा यांत या औषधाचं अंतर कमी आहे. रक्तातलं प्रमाण सहसा ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटरच्या आसपास ठेवतात. तपासणीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं असतं. सकाळची गोळी घेऊन रक्त दिलं की आकडा खोटा वाढलेला येतो. ही चूक आम्ही दोनदा केली. जुलाब, उलट्या, तापात पाणी कमी पडणं, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, रक्तदाबाची काही औषधं यांनी हे प्रमाण वाढतं. हात जोरात थरथरणं, जीभ जड होणं, तोल जाणं, उलट्या-जुलाब दिसले तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. थायरॉईड आणि मूत्रपिंडाची तपासणी ठरलेल्या मुदतीत होते ना, तेही बघा.

*क्लोझापिन (स्किझोफ्रेनियावरचं एक औषध) असेल तर.* पांढऱ्या पेशींसाठी रक्ततपासणी वेळापत्रकाप्रमाणे करा, सुरुवातीचे महिने ती वारंवार असते. सलग ४८ तासांहून जास्त खंड पडला तर पूर्वीचा पूर्ण डोस परत सुरू करायचा नाही, कमी डोसपासून पुन्हा चढवावा लागतो. बद्धकोष्ठ ही या गोळीबाबत साधी तक्रार समजू नका, ती जिवावर बेतू शकते. आई सांगायला लाजते, तुम्ही विचारा. आणि ती सिगारेट ओढत असेल व अचानक सोडली, तर रक्तातलं औषध वाढतं. डॉक्टरांना कळवा.

*गोळ्या चुकत असतील तर.* आधी कारण शोधा. विसरते, की नको आहेत? विसरत असेल तर सात कप्प्यांची डबी आणि ठरलेली वेळ पुरते. नको असतील तर डबी निरुपयोगी आहे. वजन वाढतंय, दिवसभर गुंगी येते, हात कापतो, असं काहीतरी तिला डाचत असतं. ते डॉक्टरांसमोर मांडा. डोसाची वेळ किंवा औषध बदलता येतं. काही औषधं इंजेक्शनने दोन आठवड्यांनी, महिन्याने किंवा तीन महिन्यांनी देता येतात, हा पर्याय तिला विचारून बघा.

*सावधान:* जेवणात लपवून गोळ्या देऊ नका. कळलं की ती जेवणही सोडते, आणि कळतंच.

*लगेच हॉस्पिटल:* मनोविकारावरचं औषध चालू असताना खूप ताप, अंग लाकडासारखं कडक, घाम आणि गोंधळलेपण एकत्र दिसलं तर थांबू नका. चालू औषधांची यादी बरोबर न्या.

टप्पा ६: बरी असतानाचा करार

आई सावरली की महिनाभराने, शांत दुपार बघून, तिच्याबरोबर बसून एक पान लिहा. तिच्या शब्दांत, जमलं तर तिच्याच हस्ताक्षरात. पूर्वखुणा दिसल्या तर मला कोणी सांगायचं? कोणाचं मी ऐकते? कोणती गोष्ट केली की मला बरं वाटतं, कोणती केली की मी बिथरते? कोणतं हॉस्पिटल चालेल, कोणतं औषध नको? पैशांचं काय, म्हणजे मोठी रक्कम काढायला दोन सह्या लागाव्यात का? खाली तिची सही, तुमची सही, तारीख.

हा कागद काही ठिकाणी कायद्यानेही मानला जातो. तुम्ही राहता तिथे काय नियम आहे, आणि रुग्णाची तयारी नसताना दाखल करण्याबाबत कायदा काय सांगतो, हे याच दिवसांत विचारून ठेवा.

हा टप्पा सगळे टाळतात. ‘आता कुठे बरी झाली आहे, कशाला आठवण करून द्यायची?’ आमच्याकडेही वर्षानुवर्षं हेच म्हटलं गेलं. शेवटी आईनेच सांगितलं, ‘मला आठवतं ते सगळं. तुम्ही गप्प बसता तेव्हा मला वाटतं तुम्हाला माझी लाज वाटते.’

टप्पा ७: बिघडलेल्या दिवशी

आता तयारी आहे, त्यामुळे काम थोडं उरतं. क्रम असा:

१. आवाज आणि गर्दी कमी करा. टीव्ही बंद, मुलं दुसऱ्या घरी, समोर एकच माणूस.

२. तिच्या आणि दारामध्ये उभे राहू नका. दोघांनाही बाहेर पडायला वाट हवी. धारदार वस्तू आधीच हलवा.

३. जीव देण्याचा विचार येतोय का, हे सरळ विचारा. ‘आई, मरून जावं असं वाटतंय का? कसं करायचं ते ठरवलं आहेस का?’ विचारल्याने असा विचार डोक्यात भरत नाही, उलट तिला बोलता येतं. उत्तर हो असेल तर तिला एकटी ठेवू नका, गोळ्यांचा साठा आणि इतर साधनं तिच्या हाताशी राहणार नाहीत असं बघा आणि तातडीची वैद्यकीय मदत मागवा. ‘कोणाला सांगू नकोस’ असं वचन मागितलं तर देऊ नका.

४. करारात लिहिलेल्या माणसाला बोलवा. कराराचा कागद तिच्या तोंडावर फडकवू नका.

५. कोणाच्याही जिवाला धोका दिसला तर समजावणं थांबवा आणि आपत्कालीन सेवेला फोन करा. फोनवर सांगा की हा मानसिक आजार आहे, हातात शस्त्र आहे की नाही, कोणत्या गोळ्या चालू आहेत.

टप्पा ८: हॉस्पिटलमधून घरी

घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे आत्महत्येच्या दृष्टीने सगळ्यात जास्त धोक्याचे असतात. नेमके याच वेळी सगळे नातेवाईक आपापल्या घरी परततात. निघण्याआधी पुढच्या भेटीची तारीख हातात घ्या, शक्यतो आठवड्याच्या आतली. गोळ्या थोड्या थोड्याच घरी आणा. जुन्या चिठ्ठीतल्या गोळ्या काढून टाका, नाहीतर जुन्या आणि नव्या दोन्ही घेतल्या जातात.

पहिल्या दिवशी स्वागताला माणसं जमवू नका.

टप्पा ९: घरातली लहान मुलं, आणि तुमची भीती

मुलांना ‘आजीला बरं नाही’ एवढं सांगून भागत नाही, उरलेलं ती स्वतः रचतात आणि त्यात दोष बहुधा स्वतःकडे घेतात. तीन गोष्टी सांगा: हा आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, आणि तो बरा करणं तुझं काम नाही. मग चौथी: भीती वाटली तर कोणाला फोन करायचा. नंबर पाठ करून घ्या. मला या चारपैकी एकही कोणी सांगितली नव्हती. मी कित्येक वर्षं धरून चालले होते की माझे मार्क कमी पडले म्हणून आई हॉस्पिटलात गेली.

‘मलाही होईल का?’ हा प्रश्न तुम्ही कोणाला विचारत नाही, पण तो असतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असेल तर मुलांमध्ये तो होण्याचं प्रमाण शंभरात साधारण दहा आहे, एरवी शंभरात एकाच्या आसपास. म्हणजे धोका वाढतो, आणि तरीही शंभरातल्या साधारण नव्वदांना होत नाही. गांजापासून लांब राहा, विशेषतः विशीच्या आत. सलग दोन आठवडे झोप किंवा मन ताळ्यावर नसेल तर स्वतःची भेट ठरवा, आईच्या भेटीला जोडून नको.

मराठीत देखभाल करणाऱ्याला ‘शुभंकर’ हा छान शब्द रुळला आहे. तशा माणसांचा गट जवळपास किंवा ऑनलाइन असेल तर महिन्यातून एकदा जा.

सगळे टप्पे झाले की एकदा चाचणी घ्या. आई बरी असताना दोन दिवस गावाला जा. वही, डबी, करार दुसऱ्याच्या हाती सोपवा. परत आल्यावर घर कसं होतं ते विचारण्याआधी, तुम्ही घरी किती वेळा फोन केलात ते मोजा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा अकरा वेळा केला होता. शेवटचा आईने उचलला आणि म्हणाली, ‘गोळी घेतली. आता झोपू दे.’